डावखुरा देव आनंद

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या साताऱ्याच्या घरात पत्ते खेळायला सरकारी परवानगी असायची, आणि सरकार म्हणजे आजी. कार्तिक शुद्ध प्रतिपदा बळीराजाची खरी, पण तिचं दुसरं नाव द्यूतप्रतिपदा. त्या दिवशी शंकर-पार्वती सोंगट्या खेळले, शंकर हरले, म्हणून घरच्या घरात चार डाव टाकले तर वर्ष बरं जातं, असं सांगत आजी स्वतःच मांडी ठोकून बसायची आणि चिंचोक्यांची रास पुढ्यात ओढून घ्यायची. चिरोट्यांच्या पाकानं चिकट झालेली पानं, अंगावर उरलेला उटण्याचा वास, अंगणात रेंगाळणारा लवंगी फटाक्यांचा धूर आणि मधूनच बदामाची राणी पदराआड सरकवणारी आजी, असा तो सोहळा. एरवी वर्षभर मात्र पत्त्यांना हात लागला की त्याच आजीच्या तोंडी धर्मराज यायचा. "एवढा धर्मराज, तोही बायको लावून बसला, मग तुमची काय कथा!" एक दिवस शंकर आणि बाकी वर्षभर धर्मराज, एवढीच आमच्या घराची जुगाराविषयीची नीती, आणि त्या नीतीवर पोसलेल्या मुलाच्या समोर एका गणेशोत्सवात, भर गल्लीत, देव आनंद पत्ते पिसत उभा राहिला.

'बाजी' १९५१ सालचा. आनंद बंधूंच्या नवकेतनचा, गुरुदत्तनं दिग्दर्शित केलेला पहिलाच चित्रपट. पटकथा बलराज साहनींची, गाणी साहिरची, संगीत सचिनदेव बर्मन यांचं. मुंबईत तो गाजला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. चित्रपटांचा तेव्हा एक उतरता प्रवास असे. आधी मुंबई-पुण्याची बडी थिएटरं, मग जिल्ह्याची गावं, मग पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या नाहीतर पालच्या खंडोबाच्या यात्रेतला तंबू, आणि पार शेवटी सोळा मिलिमीटरच्या अरुंद फितीवर उतरून सार्वजनिक गणपतीची गल्ली. त्या वाटेनं आमच्या गल्लीपर्यंत पोचायला 'बाजी'ला दीड तप लागलं. तोवर त्याच्या अंगावर इतक्या चिरा पडल्या होत्या की मुंबईतल्या जुगाराच्या अड्ड्यात, बंद खोलीत, टेबलावर, नायिकेच्या गालावर, सगळीकडे अखंड पाऊस पडत होता. भाद्रपदातल्या सातारकरांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

गोष्ट थोडक्यात सांगून ठेवतो. मदन नावाचा हुशार हातांचा, रिकाम्या खिशाचा जुगारी; त्याची आजारी बहीण; तिच्यावर उपचार करणारी डॉक्टर रजनी, म्हणजे पहिल्यांदाच पडद्यावर आलेली कल्पना कार्तिक; हॉटेलाच्या आड चालणारा अड्डा, तिथं नाचणारी आणि मदनवर जीव जडलेली गीता बाली; आणि या साऱ्याचा अंधारात बसणारा मालक के. एन. सिंग, जो दिवसा त्याच डॉक्टर मुलीचा प्रतिष्ठित बाप असतो. हॉलिवूडमध्ये चाळीसच्या दशकात असे काळोखी चित्रपट ढिगानं निघाले, युद्धाला कंटाळलेल्या माणसांचे, धुराचे, फसवणुकीचे. त्यांची सावली मुंबईवर पडली ती 'बाजी'पासून ठळकपणे, आणि मग 'आर पार', 'सी.आय.डी.', 'हावडा ब्रिज' अशी रांगच लागली. हे सगळं ज्ञान फार नंतरचं. त्या रात्री मला कळलं ते इतकंच, की मुंबईत हिरवं कापड घातलेली मोठाली टेबलं असतात आणि तिथं आजीची परवानगी लागत नाही. कापड हिरवं आहे हे काळ्यापांढऱ्या चित्रात मी कसं ओळखलं, ते मात्र विचारू नका.

पडदा गल्लीच्या मधोमध, समोरासमोरच्या दोन माड्यांच्या गजांना बांधलेला असायचा. ज्या बाजूला प्रोजेक्टर त्या बाजूला पुरुष, पलीकडे बायका आणि त्यांच्या ओच्याला धरून असलेली आम्ही पोरं. पोत्यांवर, गोधड्यांवर, कुणाच्या घरून आणलेल्या पाटांवर जागा धरलेल्या. शेजारी कुणीतरी शेंगा फोडतंय, कुठल्याशा घरातून उशिरा घातलेल्या फोडणीचा वास येतोय, केवड्याचं एखादं पान वेणीत खोचलेली वहिनी हलली की तोही वास हलतोय, आणि या सगळ्यावर मंडळाच्या ओल्या ताडपत्रीचा कुबट दर्प. पडद्याच्या मागून चित्र दिसायचं उलटं, इंग्रजी पाट्या उजवीकडून डावीकडे धावायच्या आणि सारी माणसं डावखुरी व्हायची. पावसाची सर आली की पुरुषांकडून हाकाटी उठायची, कुणी प्रोजेक्टरवर छत्री धरायचं, आणि आमच्या बाजूला मात्र आनंद व्हायचा; कारण पडद्याचं कापड भिजलं की प्रकाश जास्त आरपार येतो आणि पलीकडचं चित्र एकदम उजळतं. गीता बालीचे डोळे मला पहिल्यांदा नीट दिसले ते अशाच एका सरीनंतर. गिटारच्या ठेक्यावर ती देव आनंदला नशिबाची बाजी लावायला सांगते ते गाणं, गीता रॉयच्या आवाजातलं, तेव्हा चालू होतं. शब्द गजलेचे आणि चाल क्लबातली, हा सचिनदेवांचा खट्याळपणा पुढं जाणकारांनी पुष्कळ वाखाणला, आमच्या आत्याचं त्यावरचं मत एका वाक्यात होतं : "बाई शहाणी आहे, पण उपदेश भलत्याला करतेय."

देव आनंद डावखुरा आहे की उजवा, यावर आमच्या गल्लीत गणपती उठेपर्यंत वाद चालला. बायकांनी त्याला डाव्या हातानं पत्ते वाटताना, डाव्या हातानं सिगारेट पेटवताना डोळ्यांनी पाहिलं होतं. पुरुष हसत होते आणि समजावून सांगत होते. आणि समजावून सांगणाऱ्या पुरुषाला बायका जे ऐकवतात ते सगळं ऐकत होते. मी बायकांच्या पक्षाचा. शाळेत उजव्या हातात खडूची सिगारेट धरणाऱ्या मित्राला मी चारचौघांत दुरुस्त केलं आणि डाव्या हातानं पत्ते पिसायचा सराव सुरू केला. पाडव्याला आजीसमोर ते पत्ते माझ्या हातून सुटून फराळाच्या ताटात विखुरले, तेव्हा तिनं पुन्हा धर्मराजाची आठवण काढली.

खरी गंमत रीळ बदलताना यायची. सोळा मिलिमीटरची तीन-चार रिळं, आणि प्रोजेक्टर एकच; एक रीळ संपलं की पडदा पांढराफटक, गल्लीतला दिवा पेटायचा, ऑपरेटर घाम पुसत फीत ओवायचा आणि तेवढ्या अवधीत साऱ्या गल्लीची मतं उसळून वर यायची. पुढं मी पुष्कळ समीक्षा वाचली, दोन-चार ठिकाणी लिहिलीही, पण त्या पांढऱ्या पडद्यासमोरच्या बोलण्याची सर कशाला आली नाही. गल्लीत एक कंपाउंडर होते, तरुणपणी पुण्यात राहून आलेले. 'प्रभात'च्या आवारात गुरुदत्त आणि देव आनंद यांचे सदरे धोब्याकडे अदलाबदल झाले, त्यातून दोस्ती झाली, आणि मी निर्माता झालो तर दिग्दर्शक तू, असा शब्द एकानं दुसऱ्याला दिला, ही हकिगत ते अशी सांगत की तो धोबी त्यांच्याच ओळखीचा असावा. पण त्यांचा चित्रपटावरचा आक्षेप व्यावसायिक होता. क्षयाच्या रोग्याजवळ इतकं वाकून बोलतात का कधी? आणि डॉक्टरीणबाई औषधाचं बिल देत नाहीत, यावर त्यांचा विश्वासच बसत नव्हता.

शेजारी एस.टी.चे एक कंडक्टर राहायचे. त्यांचा सगळा जीव जॉनी वॉकरवर. तो मूळचा बदरुद्दीन काझी, मुंबईच्या बेस्ट बसमधला कंडक्टर. तिकिटं फाडता फाडता केलेल्या गमतीजमती बलराज साहनींनी हेरल्या, दारुड्याचं सोंग घ्यायला लावून त्याला नवकेतनच्या कचेरीत धाडलं, आणि 'बाजी'त त्याला काम मिळालं. कंडक्टरकाकांना ही गोष्ट कळल्यापासून त्यांच्या महाबळेश्वर गाडीत उतारूंची भलतीच करमणूक व्हायची, असं म्हणत. जॉनी वॉकर पडद्यावरून गेला की त्यांना चित्रपट संपल्यासारखा वाटायचा. ते उठायचे आणि मांडवामागं जायचे.

मांडवामागं दुसरा खेळ चालू असायचा. गणपतीची जागरणं हा आमच्याकडचा तीनपत्तीचा हंगाम. पडद्यावर देव आनंद आणि मूर्तीच्या पाठीमागं, कनातीच्या आडोशाला, पेट्रोमॅक्सच्या फुसफुसत्या उजेडात मंडळाचे कार्यकर्ते, बूट चार आणे. चित्रपटाचं सगळ्यात कठोर परीक्षण तिथं झालं. हे लोक मधून मधून उठून, कनात बाजूला करून पडद्याकडं एक नजर टाकत आणि परत येऊन निकाल देत. "आरं, पानं अशी धरत्यात व्हय? शेजारच्याला समदं दिसतंय की!" "ब्लाइंड खेळायचं सोडून ह्यो गाणं आयकत बसलाय." एकानं तर फार बारकाईनं दाखवून दिलं, की नायक दर वेळी जिंकतो आणि कुणी त्याला गचांडी धरून विचारत नाही, साताऱ्यात एका रात्रीत दोनदा ट्रेल लागली तर माणूस उभा राहत नाही लका, आणि हा मुंबईत राहतो! मला त्या वयात वाटलं, ही माणसं कलेला पारखी आहेत. आज वाटतं, वास्तववादाचा आग्रह इतक्या अधिकारानं धरणारे प्रेक्षक गुरुदत्तला पुन्हा मिळाले नसतील.

पलीकडं, आमच्या बाजूला, पत्त्यांविषयी कुणालाच काही पडलं नव्हतं. तिथं खटला चालला होता डॉक्टर रजनीवर. बाप रोज रात्री घराबाहेर, मध्यरात्री परततो, अंगाला सिगारेटचा आणि क्लबचा वास, आणि लेकीला पत्ता नाही? ज्या बायका नवऱ्याच्या टोपीच्या कलावरून तो कुठून आला ते ओळखायच्या, त्यांना ही डॉक्टरीण फारच कच्च्या बुद्धीची वाटली. आणि मग गीता बाली. मदनवर झाडलेली गोळी ती स्वतःच्या अंगावर घेते तेव्हा गल्लीत दोन्ही बाजूंना शांतता पसरली खरी, पण दिवा पेटल्यावर आत्या जे बोलली ते अजून माझ्या कानात आहे. "मरायला बरी हीच सापडली. शिकलेली मरत नाही, घरातली मरत नाही, नाचणारीला गोळी." आत्या चौथीपर्यंत शिकलेली, नवऱ्याच्या माघारी वाळवणं आणि शिवणावर दोन मुलं वाढवणारी. क्लबातल्या बाईनं नायकावर प्रेम करायचं, त्याला वाचवायचं आणि त्याच्या लग्नाआधी वाटेतून दूर व्हायचं, हा या जातीच्या चित्रपटांचा कायदाच आहे, हे मी पुढं जाडजूड पुस्तकांत वाचलं. लिहिणाऱ्यांना त्यासाठी शंभर चित्रपट बघावे लागले होते.

त्या वर्षी माझ्या कपाळावर केसांचा फुगा आला. तो खोबरेल तेलानं उभा राहत नाही आणि व्हॅसलिननं राहिला तर टोपीखाली मरतो, हे शोध मी मोती चौकातल्या सलूनच्या आरशात लावले. बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार माझ्या दप्तरात आधीपासून होताच. आता त्याला देव आनंदचा चेहरा मिळाला, आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, चार भिंतींच्या वाटेवर, गळ्यात आईचा जुना रुमाल बांधून मी संध्याकाळी संशयास्पद हालचाली करत हिंडू लागलो. पोवई नाक्यावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांकडं डोळे बारीक करून बघत असता ओळखीच्या एका गृहस्थांनी "बाळ, चष्म्याचा नंबर काढून घे" असा सल्ला दिला. माझ्यातल्या गुन्हेगारीची साताऱ्यानं घेतलेली ती एकमेव दखल.

कॉलेजसाठी सांगलीला मामांकडे गेलो आणि हवाच बदलली. सातारा डोंगराच्या कुशीतलं, गार वाऱ्याचं, लवकर झोपणारं. सांगली सपाट, नदीकाठची, उशिरापर्यंत हिशेब करत बसणारी. मार्केट यार्डाच्या बाजूनं वारा आला की हळदीची पूड थेट घशाशी. मामांच्या दुकानातली लोडं, वह्या, पंख्याची पाती, खुद्द मामांची नखं, सगळ्यांवर पिवळी झाक. विलिंग्डन कॉलेजात तास बुडवायला विश्रामबागेतून गावात यायचं, सायकल लावायची, भडंगाचा पुडा खिशात कोंबायचा आणि मॅटिनीला शिरायचं हा तिथला अभ्यासक्रम. जुने चित्रपट निम्म्या दरात लागायचे. बाकडी ढेकणांची, पंखे आवाजापुरते, वरच्या भोकातून कार्बनच्या कांड्यांचा उग्र जळका वास, आणि प्रकाशाच्या झोतात फिरणारा विड्यांचा निळसर धूर. पडद्यावरच्या क्लबमधला धूर कुठं संपतो आणि आमचा कुठं सुरू होतो, ते सांगता येत नसे. तिथं मी 'बाजी' पुन्हा पाहिला. या वेळी सुलट बाजूनं. आणि मला तो खोटा वाटला. देव आनंद उजव्या हातानं पत्ते वाटत होता, गीता बाली भलत्याच बाजूनं आत येत होती, नेहमीचा जिना डावीकडून उजवीकडं गेला होता. एका गाण्यात कॅमेरा आरशातल्या देव आनंदचा माग काढत जातो. ती अवघड कल्पना व्ही. के. मूर्तींची, जे तेव्हा सहायक होते आणि त्याच शॉटनं गुरुदत्तच्या नजरेत भरून 'जाल'पासून त्याचे छायालेखक झाले. त्या आरशात क्षणभर मला माझा देव आनंद भेटला, साताऱ्याचा, डावखुरा.

मामा एकदाच माझ्याबरोबर मॅटिनीला आले, बाजार बंद होता म्हणून. मध्यंतरात त्यांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि म्हणाले, "हा जुगार व्हय? समोरच्याचं तोंड दिसतंय, पानं मोजून बावन्न. आमच्याकडं ये की वायद्याला." सांगलीचा हळदीचा वायदा तेव्हा जोरात, पीक शेतात असताना त्याचे भाव फुटायचे, आणि माल पडून असायचा हरिपूरच्या पेवांत, जमिनीखाली खोल खणलेल्या, तोंड माती-शेणानं लिंपून बंद केलेल्या काळोखात. पेवात काय राहिलंय आणि काय किडलंय ते तोंड उघडेपर्यंत देवाला ठाऊक. मामांनी मला एकदा पेव उघडताना नेलं होतं. आधी दिवा खाली सोडून बघायचा, विझला तर माणूस उतरवायचा नाही. मग तो कोंडलेल्या हळदीचा, मातीचा, गेल्या वर्षाच्या उकाड्याचा एकवटलेला श्वास बाहेर येई. के. एन. सिंगचा अड्डा मला त्यापुढं फारच उजेडाचा वाटू लागला. २००५च्या महापुरानं या पेवांची दैना केली, पुढं गोदामं आणि शीतगृहं आली. हळद तिथं जास्त सुखरूप राहते, यात शंका नाही.

कॉलेजात आमचे इंग्रजीचे एक सर होते, त्यांचं 'बाजी'वरचं मत अगदीच वेगळं. ते म्हणत, हे सगळं 'गिल्डा'तून आलंय. १९४६चा चित्रपट, ब्युनोस आयर्समधला कॅसिनो, जुगारी ग्लेन फोर्ड, आणि रिटा हेवर्थ. तिचा हातमोजा उतरवण्याचा प्रसंग सर 'पॅराडाइस लॉस्ट' शिकवताना मधेच सांगत, आणि वर्गातल्या मुली वहीत बघत. सरांच्या मते गुरुदत्तनं साचा उचलला, पण त्यात बहिणीचं आजारपण घातलं, कारण आपला प्रेक्षक माणसाला निव्वळ हौसेखातर जुगार खेळू देत नाही. त्याला औषधाचं कारण लागतं. मला हे फार मार्मिक वाटतं अजूनही. राज कपूरच्या 'श्री ४२०'मध्ये पत्त्यांच्या टेबलावर नादिरा असते, पण तिथंही नायकाच्या खिशात प्रामाणिकपणाचं सुवर्णपदक ठेवावं लागलं होतं. आमच्या आजीनं तरी दुसरं काय केलं? डाव टाकायचा तर शंकर-पार्वती हवेत.

पडद्याबाहेर मात्र गावाचा जुगार कारणं शोधत बसला नव्हता. साठीच्या दशकात मुंबईहून मटका आला आणि पानटपरीवरच्या चिठोऱ्यांवर ओपन-क्लोज लिहू लागला. त्याला टेबल नको, नाच नको, गिटार नको. आमच्या सरकारचा विनोद त्याहून मोठा. महाराष्ट्र विधिमंडळानं १९७६ साली कॅसिनोंचं नियंत्रण आणि त्यांवरचा कर यांचा कायदा मंजूर केला, तो अंमलात कधी आणलाच नाही, आणि २०२३ साली रद्द करून टाकला. म्हणजे सत्तेचाळीस वर्षं महाराष्ट्रात कॅसिनो होता, फक्त कागदावर. कागदाबाहेरचा बघायचा तर गोवा गाठायचं. काही वर्षांपूर्वी आम्ही जुने सातारकर पणजीला गेलो तेव्हा मांडवीत नांगरलेल्या एका जहाजावर चढलो; मांडवामागच्या त्या तीनपत्तीवाल्यांपैकी एक जण, आता नातवंडांचा आजोबा, आमच्यात होता. आत भगभगीत उजेड, गुलाबी-जांभळी रोषणाई, गालिचा इतका रंगीत की पडलेलं नाणं सापडू नये, बुफेत पनीर, आणि एका कोपऱ्यात लहान मुलांसाठी खेळण्यांची खोली. सावली म्हणून औषधाला नाही. आमच्या मित्रानं रूलेटच्या चक्राभोवती एक फेरी मारली, गणवेशातल्या पोरीनं चकत्या किती चपळाईनं ओढल्या ते कौतुकानं पाहिलं, आणि खुर्चीत बसत म्हणाला, "आरं, हितं भ्याच वाटंना. बँकंत आल्यागत वाटतंय."

मधल्या काळात सगळंच उजळत गेलं. दूरदर्शन आलं, मग भाड्यानं आणलेला व्हीसीआर, एका रात्रीत तीन चित्रपट आणि सकाळी डोळ्यांत वाळू, मग तबकड्या, एकपडदा थिएटरं एकेक करून मिटली, कुठं लग्नाचं कार्यालय झालं, कुठं दुकानांची रांग. तंबूवाले अजून थोडे उरलेत, यात्रांत भेटतात. त्यांच्यावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' २०१६ साली कान महोत्सवापर्यंत पोचला, तेव्हा आमच्या धुळीचं कौतुक फ्रान्सात झाल्याचा आनंद झाला. पण ढेकणांची आठवण काढून गळा काढणाऱ्यांतला मी नाही. आत्याला त्या गल्लीत पाठ टेकायला भिंत मिळाली नव्हती, हे मला आठवतं.

गेल्या वर्षी भाच्यानं त्याच्या नव्या टीव्हीवर 'बाजी' लावला. स्वच्छ प्रत, पाऊस थांबलेला. आणि मला तेव्हा जे दिसलं त्यानं मी चाटच पडलो. अड्ड्याच्या मालकाच्या त्या खोलीत, जिथं आमच्या गल्लीत निव्वळ काळं होतं, जिथं आवाज कुठून येतो ते कळत नसल्यानं मी आईच्या मांडीवर तोंड लपवलं होतं, तिथं भिंत होती, सामान होतं, माणसाचा खांदा होता. गणपतीच्या रोषणाईनं आमच्या गल्लीत विजेचा दाब इतका उतरायचा की प्रोजेक्टरचा दिवा पिवळा पडून धपापायचा; त्यात झिजलेली फीत आणि भिजलेलं कापड. म्हणजे ज्या काळोखावर मी लहानपणापासून भाळलो, त्यातला काही हिस्सा गुरुदत्तचा होता आणि उरलेला साताऱ्याच्या विजेचा. त्या काळोखात काय असेल हे गल्लीनं बोलून बोलून ठरवलं होतं, कंपाउंडरनी एक, मांडवामागच्यांनी दुसरं, आत्यानं तिसरं. भाच्याला तसं काही ठरवावं लागलं नाही. त्यानं पहिल्या अर्ध्या तासात के. एन. सिंगकडं बोट केलं, "हाच बॉस. भुवई बघ." आणि उरलेला वेळ तो गाणी, कपडे आणि कल्पना कार्तिक-देव आनंद यांनी 'टॅक्सी ड्रायव्हर'च्या चित्रीकरणाच्या मधल्या सुट्टीत लग्न कसं उरकलं, ते फोनवर शोधून मला सांगत राहिला. त्यानं गीता बालीचा एक नाच तीनदा मागं नेऊन पाहिला आणि नृत्यं जोहरा सेहगलनी बसवली होती हे कळल्यावर चौथ्यांदा. इतक्या बारकाईनं आम्ही कधी पाहिलं नव्हतं; आम्हाला परत मागं नेता येत नव्हतं.

आत्या सोबत होती. नव्वदीच्या घरात, कान एकच शाबूत, पण मत दोन्ही कानांचं. गोळी सुटली, गीता बाली कोसळली, आणि आत्या म्हणाली, "मरत नाही ती."

"आत्याआजी, मरते. हे बघ." भाच्यानं चित्र मागं नेलं, थांबवलं, पुन्हा पुढं सोडलं.

"लागली गोळी. लागू दे. कंपाउंडर म्हणाले होते, खांद्याला लागलेली गोळी काढता येते. आणि ती डॉक्टरीण काय नुसती गळ्यात नळी अडकवून फिरायला आहे?"

भाच्यानं माझ्याकडं पाहिलं. मी काही बोललो नाही, कारण बायकांच्या पक्षाचा मी जुना सभासद. त्यानं पुन्हा एकदा, एकेक चौकट सरकवत, गोळी कुठं लागते ते दाखवायला सुरुवात केली, आत्यानं चष्मा नाकावर वर ढकलून ते सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "बरं. आता पुढचं लाव, आणि जाता जाता आधण ठेव चहाचं."